आधी ‘संशयकल्लोळ’, मग ‘सौभद्र’

गद्य नाटकं नेमाने बघणारा, प्रायोगिक काय नि व्यावसायिक काय, काहीच न सोडणारा माणूस एखाद्या दिवशी विचारतो, ‘‘संगीत नाटक कधी पाहिलंच नाही, कुठून सुरुवात करू?’’ जाणकारांचं उत्तर ठरलेलं असतं: ‘सौभद्र’. नाहीतर थेट ‘मानापमान’. तो बिचारा जातो, तिसऱ्या पदाला घड्याळ बघतो आणि पुन्हा त्या वाटेला फिरकत नाही. यात नाटकाचा दोष नसतो आणि त्याचाही नसतो. शिफारस चुकलेली असते.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं आणि दोन वर्षांनी ‘सौभद्र’. ‘सौभद्रा’त मुळात शंभराहून जास्त पदं आहेत. आकडा ऐकून धडकी भरते; पण त्यातली कितीतरी पदं साकी, दिंडीसारख्या चालींवरची, मिनिटभरात संपणारी. एकाने दिंडीत विचारायचं, दुसऱ्याने दिंडीतच उत्तर द्यायचं. म्हणजे तो संवादच, फक्त सुरातला. रात्र-रात्र चालणाऱ्या प्रयोगात हे सगळं मावायचं. आज तेच नाटक तीन तासांत बसवताना कात्री पहिल्यांदा चालते ती या चिमुकल्या पदांवर. उरतात ती रंगवून गायची मोठी पदं, कारण प्रेक्षक त्यांच्यासाठीच आलेला असतो. मग गोष्ट थांबते, मैफल होते, वन्समोअर होतो, गोष्ट पुन्हा चालू लागते. कृष्णाचा कावा ज्याला लहानपणापासून ठाऊक आहे आणि पदं ज्याच्या कानात मुरली आहेत, त्याला यात परमसुख. नवख्याला मात्र वाटतं, नाटक कुठे गेलं?

म्हणून त्याला आधी गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संशयकल्लोळ’ला पाठवावं. हे मुळात गद्यच नाटक होतं. मोलिएरच्या प्रहसनावरून आर्थर मर्फीने इंग्रजीत एक नाटक रचलं, त्यावरून देवलांनी ‘फाल्गुनराव’ लिहिलं. पदं घातलेलं ‘संशयकल्लोळ’ गंधर्व नाटक मंडळीने रंगमंचावर आणलं ते १९१६ साली. त्यामुळे पदं काढून टाकली तरी हा डोलारा उभा राहतो. रस्त्यात चक्कर आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो आणि नेमकी त्याची बायको कृत्तिका ते बघते. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिका उचलते, तर ती फाल्गुनरावाच्या नजरेस पडते. झालं! चार माणसं, एक तसबीर आणि नाटकभर भांडण. पात्रांची नावंसुद्धा पंचांगातून उचललेली. देवलांचा मिश्कीलपणा तिथपासूनच सुरू होतो. आणि इतकं करून हे नाटक परकं वाटत नाही. फाल्गुनरावासारखा एक तरी काका प्रत्येक घराण्यात असतो.

पहिल्यांदा जाणाऱ्याने एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष द्यावं. नट गद्य वाक्य बोलत असतो आणि त्याचं शेवटचं वाक्य संपायच्या आतच ऑर्गनवाला हळूच सूर धरतो. तबलजी हात तबल्यावर ठेवून थांबलेला असतो. कसलेला नट त्या सुरातच शेवटचा शब्द टाकतो आणि बोलणं कुठे संपलं, गाणं कुठे सुरू झालं ते कळू देत नाही. कच्चा नट बोलणं थांबवतो, दोन पावलं पुढे येतो, घसा साफ करतो आणि ‘आता मी गातो’ अशा चेहऱ्याने उभा राहतो. प्रयोग कसा होणार हे पहिल्याच पदाला कळतं.

विनोद नको, जीवघेणं काही हवं, म्हणणाऱ्याला ‘एकच प्याला’. राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि पुढच्याच महिन्यात बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीने त्याचा पहिला प्रयोग केला. पदं गडकऱ्यांची नव्हेत, वि. सी. गुर्जरांची. भरजरी शालूंसाठी गाजलेले बालगंधर्व इथे ठिगळं लावलेल्या लुगड्यात सिंधू म्हणून उभे राहिले. गडकऱ्यांची भाषा आज जड जाते, हे कबूल करूनच शिफारस करावी. सुधाकराची लांबलचक भाषणं कापली तर मी तक्रार करणार नाही; तळीरामाच्या आर्यमदिरामंडळाचा एक शब्दही कापू नये. देवलांचं ‘शारदा’ही याच रांगेतलं. मात्र बालविवाहाला आळा घालणारा १९२९चा ‘शारदा कायदा’ त्या नाटकावरून आला, हा आपल्याकडचा लाडका गैरसमज आहे. ते नाव अजमेरच्या हरबिलास सारडांचं.

ज्याला गाण्याचीच धास्ती आहे, त्याला उलट गाण्यात बुडालेलं नाटक द्यावं, असं माझं मत. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ मध्ये नाट्यसंपदेने केलं. त्यात गाणं हाच भांडणाचा विषय आहे: घराणं कुणाचं, विद्या कुणाला द्यायची, जिंकलेल्या कट्यारीने माफ होणारा एक खून कुणाचा. त्यामुळे खाँसाहेब गायला बसले की गोष्ट थांबत नाही, उलट तापते. वसंतराव देशपांडे ती भूमिका करत. संगीत मूळच्या मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींचं. त्यांनी त्या दशकात ‘मत्स्यगंधा’, ‘ययाति आणि देवयानी’ करताना पद आटोपशीर केलं, म्हणून साठच्या दशकातली ही नाटकं आजच्या कानाला लवकर पटतात. सुबोध भावेंचा २०१५चा सिनेमा पाहिला असेल तर चांगलंच. पण तो पाहून नाटक पाहिलं असं समजू नये.

‘मानापमान’ सर्वांत शेवटी. खाडिलकरांची गोष्ट बेताचीच. सगळी जादू गोविंदराव टेंब्यांच्या चालींत. ते आधी घरी ऐकावं, महिनाभर ऐकावं, आणि मग बघायला जावं. १९२१मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी ‘संयुक्त मानापमान’ केलं, तेव्हा लोक लक्ष्मीधराचं काय होतं ते बघायला नक्कीच गेले नव्हते.

‘हे सगळं जुनं झालं’ असं कुणी म्हणालं तर प्राजक्त देशमुखांचं ‘संगीत देवबाभळी’ सांगावं: तुकोबांची आवली आणि लखुबाई होऊन तिच्या घरी आलेली रुक्मिणी, बस्स, दोघीच. गाणं तिथे कामं करता करता येतं. जुन्या नाटकांचे प्रयोग हुडकावे लागतात. पुण्यात भरत नाट्य मंदिर, रत्नागिरीत खल्वायन, शिवाय राज्य नाट्य स्पर्धेची संगीत फेरी. गोव्यात जत्रेच्या उत्सवात गावकऱ्यांनीच बसवलेलं संगीत नाटक मिळालं तर ‘सौभद्र’ तिथेच बघा. रात्र त्यांच्या हातात असते, त्यामुळे साकी-दिंड्या शाबूत राहण्याची आशा जास्त.