गाडीची पारदर्शक कात

नवी मोटरसायकल घरी येते, औक्षण होतं, नारळ फुटतो, हँडलला झेंडूची माळ पडते. आणि टाकीवरचा पहिला चरा पुष्कळदा रस्त्यावर पडतच नाही, तो दारातच पडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आपण मोठ्या प्रेमाने कोरडं फडकं मारतो ना, तेव्हा! धुळीत क्वार्ट्झचे, म्हणजे वाळूचेच, बारीक कण असतात आणि ते रंगावरच्या लॅकरपेक्षा कितीतरी कठीण असतात. फडकं त्यांना टाकीभर फिरवून आणतं. उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या ज्या गोलगोल रेषा चमकतात, त्या बऱ्याचशा या फडक्याच्याच.

या रेषा, खडीने उडणारे टवके आणि गुडघ्यांनी फिका पडणारा रंग, या सगळ्यांवर सध्या एक उपाय जोरात आहे : रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म. दुकानाच्या भाषेत 'पीपीएफ'. ती डोळ्यांना दिसत नाही, पण तिच्या गोष्टी मात्र ऐकण्यासारख्या आहेत.

आधी आकाशात, मग रस्त्यावर

व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी सैन्याच्या हेलिकॉप्टरांची पाती वाळू आणि कचऱ्याच्या माऱ्याने झिजत होती. पात्यांच्या कडांवर लावायला थ्रीएम कंपनीने पॉलीयुरेथेनची चिवट फिल्म तयार केली. पुढे शर्यतीच्या मोटारींच्या नाकावर ती चढली आणि मग आपल्यासारख्यांच्या गाड्यांवर. डोंगरात सायकल चालवणारी मंडळी अजूनही तिला 'हेलिकॉप्टर टेप' म्हणतात. पवनचक्क्यांच्या पात्यांचीही पावसाच्या थेंबांनी आणि धुळीने झीज होते, म्हणून त्यांच्या पुढच्या कडेवरही पॉलीयुरेथेनची अशी फिल्म लावतात.

आणखी गंमत अशी, की थ्रीएमचं सुरुवातीचं मुख्य उत्पादन होतं सँडपेपर! घासायचा कागद विकणाऱ्यांनीच घासण्यापासून वाचवणारी फिल्म दिली. दोन्हींच्या मध्ये एक दुवाही आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेत दुरंगी मोटारींची हौस होती. दुसरा रंग मारताना पहिल्यावर कागद चिकटवायचे आणि तो काढताना खालचा ताजा रंग सोलून निघायचा. सँडपेपरचे नमुने घेऊन अशाच एका गॅरेजात गेलेल्या रिचर्ड ड्रू या थ्रीएमच्या तरुणाने रंगाऱ्याचा वैताग ऐकला आणि १९२५ मध्ये मास्किंग टेप बनवली. रंगाला धक्का न लावता चिकटायचं आणि तसंच निघायचं, ही अवघड कला तिथपासूनची.

फिल्मचं मूळ द्रव्य जर्मनीतलं. लेव्हरकुसेनमध्ये ओटो बायर यांनी १९३७ मध्ये पॉलीयुरेथेन शोधलं. (बायर कंपनीच्या संस्थापकाशी त्यांचं नातं नव्हतं, फक्त आडनाव एक.) आपण बसतो त्या सीटमधला स्पंजही पॉलीयुरेथेनचाच. म्हणजे सीट आणि टाकीवरची फिल्म ही एकाच घराण्यातली भावंडं.

केसाच्या दुप्पट-तिप्पट

चांगली फिल्म साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाड असते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा. गाडीच्या रंगावरचं पारदर्शक लॅकर तर जेमतेम ४० ते ५० मायक्रॉन. म्हणजे आपण ज्या चकाकीवर जीव टाकतो ती केसापेक्षा पातळ आहे, आणि फिल्म तिच्या तिप्पट-चौपट जाडीची ढाल होऊन वर बसते. खडा लागला की ती किंचित दबते, धक्का पसरवते आणि परत सपाट होते.

धक्का केवढा, तेही बघा. माऱ्याची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ६० वरून ९० वर गेलात की तोच खडा सव्वादोनपट जोराने लागतो, आणि १२० ला चौपट. महामार्गावर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून सुटलेली खडी हेडलाइटच्या भोवती आणि पुढच्या मडगार्डवर टवके का उडवते, त्याचं उत्तर हेच.

सगळ्यात लाडकी करामत म्हणजे बारीक रेषा आपोआप भरून येणं. फिल्मच्या सर्वात वरच्या थराचे रेणू लवचिक असतात. ऊब मिळाली की ते मूळ जागी परततात. आपल्याकडे मे महिन्यात गाडी अंगणात उभी केली तरी काम होतं, थंडीत गरम पाणी ओतावं लागतं. पण पातं फिरवल्यासारखा खोल चरा गेला, तर तो भरत नाही. भरतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

नावं सारखी, काम वेगळं

इथे मात्र थांबून नीट समजून घ्यायला हवं, कारण पैसे इथेच वाया जातात. फिल्म वेगळी, कोटिंग वेगळं. सिरॅमिक कोटिंग चकाकी देतं, पाणी घरंगळवतं, धुणं सोपं करतं. पण त्याचा थर इतका पातळ, की खडीपुढे तो टिकत नाही. त्यावरचं '९एच' म्हणजे चित्रकलेच्या पेन्सिलींची मोजपट्टी आहे, एचबी आणि २एच असते तीच. हिऱ्या-माणकांच्या कठीणपणाशी तिचा संबंध नाही.

टेफ्लॉनचं तर विचारूच नका. १९३८ मध्ये रॉय प्लंकेट यांना योगायोगाने सापडलेला हा पदार्थ ३२७ अंश सेल्सियसला वितळतो. तव्यावर तो बसवायला त्याहून जास्त तापवावं लागतं. तेवढ्या आचेत टाकीचा रंगच जळेल. हाताने चोळलेलं 'टेफ्लॉन कोटिंग' चकाकी देईल, तव्यासारखा थर देणार नाही.

फिल्ममध्येही प्रकार आहेत. स्वस्तातली पीव्हीसीची असते. जुनी ताडपत्री कडक होते तशी ती उन्हात कडक होते, पिवळी पडते आणि काढताना तुकडेतुकडे होते. टीपीयूची, म्हणजे पॉलीयुरेथेनची, मागा. मॅट रंगाची गाडी असेल तर मॅट फिल्मच हवी. साधी लावली तर मॅट टाकी चकचकीत दिसायला लागेल. मॅट रंगावरचा चरा पॉलिशने घालवता येत नाही, घासलं की ती जागा चमकते. म्हणून मॅटवाल्यांना तिची गरज सगळ्यात जास्त.

रेक्झिनपासूनचा प्रवास

टाकी जपायची धडपड जुनी आहे. जुन्या जावाच्या आणि बुलेटच्या टाकीवर दोन्ही बाजूंना रबरी गादी असायची, गुडघे टेकायला आणि रंग वाचायला. पुढे घरोघर आलं रेक्झिनचं कव्हर. माझ्या वडिलांच्या गाडीवर ते वर्षानुवर्षं होतं. एका दिवाळीत धुवायला काढलं तर खालचा रंग जागोजागी पांढुरका! कव्हरच्या आत बारीक वाळू शिरत होती आणि गाडीच्या कंपनांनी दिवसरात्र पॉलिशपेपरचं काम करत होती. फिल्म रंगाला सगळीकडून चिकटून बसते, हा तिचा खरा मोठेपणा.

म्हणूनच लावण्याआधी टाकी धुऊन तिच्यावरचा कणन् कण काढावा लागतो. मग शाम्पूच्या पाण्यावर फिल्म सरकवत बसवायची, स्क्वीजीने पाणी बाहेर काढायचं आणि वळणावर हीट गनची ऊब द्यायची. पहिले काही दिवस खाली धुक्यासारखं दिसलं तर घाबरू नका. ते उरलेलं पाणी असतं, सुकतं. हवेचा बुडबुडा मात्र जात नाही, तो लगेच दाखवा. टाकी पुन्हा रंगवलेली असेल तर रंग पुरता मुरल्याशिवाय फिल्म नकोच. लॅकरच्या वर चिकटवलेले स्टिकर असतील तर फिल्म काढताना तेही निघू शकतात.

पण संपूर्ण गाडी गुंडाळायची का? माझं मत स्पष्ट आहे : नको. मोटरसायकल कारसारखी नाही, तिला माणूस सतत अंगाने घासतो. टाकीच्या दोन बाजू, जिथे गुडघे लागतात. टाकीचा मागचा भाग, जिथे पट्ट्याचं बक्कल आपटतं. किल्ली लावायची जागा, जिथे जुडगा दिवसभर डोलत असतो. बुटाची टाच लागते ती फ्रेम. पुढचं मडगार्ड. एवढ्या जागा झाकल्या की बहुतेक काम झालं.

रविवारी सकाळी गाडी आधी भरपूर पाण्याने धुवा, मग तिरप्या उन्हात उभी करा आणि टाकीशी डोळा नेऊन बघा. जिथे रेषा दिसतील तिथे ड्रू साहेबांच्या मास्किंग टेपचा तुकडा लावा, आणि तशीच गाडी दुकानात नेऊन सांगा : फिल्म इथे, एवढीच लावा.