हातकाम आणि साधना : सेवाग्राम-पवनारचे उदाहरण

संकल्पना

नित्याच्या व्यवसायातून काही काळ निवृत्त व्हावे, एकांतात राहावे आणि तेथे विक्रीसाठी किंवा प्रदर्शनासाठी नव्हे, तर चित्ताच्या स्थैर्यासाठी हाताने काही घडवावे, ही प्रथा अनेक धर्मपरंपरांत आढळते. तिबेटी भिक्षू रंगीत वाळूचे मंडल रचतात आणि पूर्ण झाल्यावर ते स्वतःच विसर्जित करतात. वर्धा जिल्ह्यातील आश्रमांनी याच प्रश्नाचा विचार वेगळ्या बाजूने केला. तेथे कलेला साधनेचे स्थान देण्यापूर्वी श्रमाला ते स्थान मिळाले, आणि कला त्या श्रमाच्या पोटातून आली.

सूत्रयज्ञ

महात्मा गांधी 30 एप्रिल 1936 रोजी सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहण्यास आले. प्रार्थना, सफाई आणि कताई हे आश्रमाच्या दिनचर्येचे आधार होते. ठराविक वेळी सर्वांनी एकत्र बसून कातणे याला सूत्रयज्ञ म्हणतात.

कताईची प्रक्रिया पाहिली की तिला साधना का मानले गेले, हे स्पष्ट होते. कापूस लोढून सरकी वेगळी करतात, रुई पिंजून तंतू मोकळे करतात आणि त्याचे पेळू वळतात. कातताना एक हात चाक फिरवतो आणि दुसरा पेळूतून तंतू ओढतो. ओढ जास्त झाली तर सूत बारीक होऊन तुटते. कमी पडली तर पीळ वाढून गाठी पडतात. दोन्ही हातांचा मेळ क्षणभर सुटला तरी त्याची खूण धाग्यावर राहते. लक्ष कुठे गेले हे सांगायला दुसरा कोणी लागत नाही. जपमाळेत ही सोय नाही, कारण अन्यमनस्क माणसाचेही मणी सरकत राहतात.

मोजमापही या पद्धतीचाच भाग आहे. आश्रमांच्या जुन्या हिशेबात सुमारे चार फुटांचा एक तार आणि 640 तारांची एक गुंडी. 1948 मध्ये पवनारला धाम नदीत गांधीजींच्या अस्थींचे विसर्जन झाले. त्या स्मृतीसाठी 12 फेब्रुवारीला भरणाऱ्या मेळ्यात स्वतः कातलेली गुंडी अर्पण करण्याची प्रथा पडली. तिला सूतांजली म्हणतात.

बापूकुटीची भिंत

मीराबेन या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याच्या कन्या. बेथोव्हनच्या संगीताची ओढ त्यांना फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँपर्यंत आणि रोलाँचे लेखन गांधीजींपर्यंत घेऊन गेले. म्हणजे त्यांच्या बाबतीत कलाच आश्रमाची वाट ठरली. सेवाग्रामातील बापूकुटी मुळात त्यांनी स्वतःसाठी उभारली होती. माती, बांबू आणि कवेलू हे तिचे साहित्य. आतल्या भिंतींवर त्यांनी मातीतच उठावाची चित्रे केली : ताडवर्गीय झाडे, चरखा, ॐ. चित्रासाठी वेगळा पृष्ठभाग नाही, वेगळे द्रव्य नाही. भिंत लिंपणारा हातच चित्र काढतो. या परिसरातील कलादृष्टीचे इतके नेमके उदाहरण दुसरे नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पवनार : कल्पिलेले चित्र, सापडलेले शिल्प

1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने देताना गांधीजींचे अनुयायी विनोबा भावे यांनी राम आणि भरत यांच्या भेटीचे चित्र कोणी काढले तर ते कसे असेल, याची कल्पना मांडली होती. 1938 मध्ये ते प्रकृतीच्या कारणाने पवनारला राहण्यास आले. तेथील जमिनीच्या खोदकामात प्राचीन शिल्पे निघाली. त्यांतील एक त्यांनी भरत-राम भेटीचे मानले आणि ते आश्रमाचे पूजास्थान झाले. पुराविद ही शिल्पे वाकाटककालीन मानतात, आणि वा. वि. मिराशी यांनी पवनार म्हणजे वाकाटकांची राजधानी प्रवरपूर असे मत मांडले. शिल्पांतील प्रसंग कोणते, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. भक्ताची ओळख आणि इतिहासकाराची ओळख येथे शेजारी-शेजारी नांदतात.

1959 मध्ये विनोबांनी येथेच स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले. शेती, छपाई, स्वयंपाक आणि अध्ययन ही तेथील सामूहिक साधना. 25 डिसेंबर 1974 पासून त्यांनी वर्षभर पाळलेले मौनही याच आवारातले.

कलाभवनाचा आग्रह

श्रमातून निघालेल्या कलेत एक अडचण आहे : उपयुक्ततेची कसोटी अभिव्यक्तीला गिळू शकते. 1937 च्या वर्धा शिक्षण परिषदेतून आकाराला आलेल्या नई तालीममध्ये उत्पादक हस्तोद्योग शिक्षणाच्या केंद्रस्थानी होता. शांतिनिकेतनाच्या कलाभवनात नंदलाल बोस यांच्या परंपरेत घडलेले चित्रकार आणि कुंभकार देवी प्रसाद 1944 मध्ये सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले आणि 1962 पर्यंत राहिले. मुलाचे चित्र हे मालाचे उत्पादन नसून त्याच्या भावजीवनाची गरज आहे, हा त्यांचा आग्रह होता. त्यामुळे चरख्याच्या गावात रंग आणि चाकावरची माती यांनाही जागा मिळाली.

उपयोग आणि मर्यादा

अशा साधनेचा प्रत्यक्ष लाभ म्हणजे अवधानाचा सराव, साहित्याबद्दल आदर आणि आपल्या कृतीवरील मालकीची भावना सैल होणे. मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. सुटीतील चार दिवसांत कताई हातात बसत नाही. सुरुवातीचा बराचसा काळ तुटलेले सूत जोडण्यातच जातो. आश्रमाची शिस्त सामूहिक आहे, तेथे वैयक्तिक शैलीला फारसा वाव नाही. मोठ्या, खर्चिक किंवा प्रयोगशील कलेसाठी हे वातावरण अपुरे पडते. स्वतःची कला फुलवण्यासाठी एकांत शोधणाऱ्या कलावंताला चित्रशाळा किंवा शांतिनिकेतन अधिक उपयोगी. सेवाग्राम-पवनार उपयोगी आहे ते कलावंताने काही काळ कारागीर व्हायचे ठरवले तर.