मामांचे स्मार्ट घड्याळ

दिवाळीच्या सुट्टीत बुऱ्हाणपूरला गेले, तेव्हा मामांचे स्मार्ट घड्याळ सकाळी चार्ज केले तरी दुपारपर्यंत टिकत नव्हते. वय अवघे दोन वर्षे, किंमत अठराशे. दुकानदाराचे उत्तर एकच : नवीन घ्या. “उघड पोरी, एवीतेवी टाकायचेच आहे,” मामा म्हणाले.

शेजारी आजोबांचे एचएमटी ‘जनता’ ठेवले. बेंगळूरचा हा कारखाना १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने निघाला. (आपल्या कन्नड विभागातील मित्र घड्याळाला ‘गडियार’ म्हणतात, शब्दांचे नाते सहज ओळखू येते.) एचएमटीची घड्याळे बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला, तरी चौकातले घडीसाज, म्हणजे आपले घड्याळजी, ‘जनता’चे झाकण काढून चाकन् चाक सुटे करतात. बिघडला तो भाग बदलायचा, बाकीचे तसेच.

स्मार्ट घड्याळाला स्क्रूच नव्हता. सगळा कारभार डिंकाचा. केस वाळवण्याच्या यंत्राने कडा गरम केल्या आणि प्लास्टिकच्या पातळ पट्टीने झाकण उचकटले. चाकू वापरायचा नाही, कारण आतल्या लिथियमच्या सेलला भोक पडले तर तो पेट घेऊ शकतो. सेल दुहेरी चिकटपट्टीने बसवलेला, दोन तारा डाक देऊन जोडलेल्या. बाकी सारे एकाच पाटीवर! पडदा व काच एकजीव. काच तडकली की पडदाही गेला. दोष मात्र फक्त सेलचा होता. चार्ज होऊन होऊन लिथियमच्या सेलची क्षमता घटतेच. हा भाग झिजणार हे बनवणाऱ्यालाही ठाऊक असते. मग तोच डिंकाखाली का गाडावा?

फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ मध्ये मोबाईल, लॅपटॉप, धुलाईयंत्र अशा वस्तूंवर दुरुस्तीक्षमतेचे दहापैकी गुण छापणे सक्तीचे झाले. सुटे भाग मिळतात का, कितीला, वस्तू उघडते कशी, हे त्यात पाहत. त्या पहिल्या यादीत घड्याळ नव्हते, म्हणून मीच गुण दिले : तीन. सेल निघतो, याचे ते तीन.

घडीसाजांनी त्याच मापाचा सेल दीडशेला आणून दिला, डाक देण्याचे पन्नास घेतले. वाणिज्य शाखेच्या हिशेबाने पाहा : वर्षाला नऊशे रुपये घसारा लागणारी वस्तू दोनशेत पुन्हा चालू झाली. माझ्या घाईने कंपनाच्या मोटरची तार मात्र तुटली, आणि रबराची कडी नीट न बसल्याने आता पाण्याचे भय आहे. मामा हात धुताना घड्याळ काढून खिशात ठेवतात.