स्तंभावरचे सिंह आणि स्तंभावरची अक्षरे

अशोकस्तंभ म्हटले की आपल्याला राजमुद्रेवरचे सिंह आठवतात. सारनाथला १९०५ साली उत्खननात सापडलेले हे स्तंभशीर्ष २६ जानेवारी १९५० रोजी भारताची राजमुद्रा झाले. परंतु स्तंभ उभे करणाऱ्याने दगडावर काय कोरून ठेवले, हे आपल्यापैकी किती जणांनी वाचले आहे? माझ्या मते या स्तंभांचे खरे मोल त्या अक्षरांत आहे. दिल्लीच्या फिरोजशाह कोटल्यातील स्तंभ त्याची साक्ष देतो.

सुमारे १३ मीटर उंचीचा हा अखंड वालुकाश्म मूळचा आजच्या हरियाणातील टोपरा गावचा. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने तो ४२ चाकांच्या गाड्यावर घालून, पुढे यमुनेतून नावांवरून दिल्लीला आणला. इतिहासकार शम्स-ए-सिराज अफीफ सांगतो, की लेख वाचण्यासाठी ब्राह्मणांना बोलावले, पण तो कोणालाच वाचता आला नाही. लोक त्याला भीमाची लाठी म्हणत. लिपी विसरली गेली आणि बौद्ध राजाचा दगड महाभारताच्या खाती जमा झाला. इतिहास हिरावून घ्यायला दगड फोडावाच लागतो असे नाही.

१८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली, तेव्हा स्तंभ पुन्हा बोलू लागला. त्यावरील चौथा लेख राज्याभिषेकानंतर २६ वर्षांनी लिहविलेला आहे. लाखो प्रजेवर नेमलेल्या राजुक नावाच्या अधिकाऱ्यांना त्यात बजावले आहे, की व्यवहारसमता असावी, दंडसमता असावी. म्हणजे न्यायाच्या कामकाजात आणि शिक्षेत समता.

हे शब्द मनुस्मृतीशेजारी ठेवून पाहा. तेथे अपराध एकच असला तरी वर्णाप्रमाणे शिक्षा बदलते. ब्राह्मणाला देहदंड नाही. हीच मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली महाडला जाळण्यात आली.

मी अशोकाला आधुनिक लोकशाहीवादी ठरवीत नाही. त्याच लेखात मृत्युदंड कायम आहे. दंडिताला फक्त तीन दिवसांची मुदत दिली आहे. येथे समता म्हणजे सर्व अधिकाऱ्यांची कामाची एकसारखी पद्धत, असाही अर्थ अभ्यासक लावतात. तो मान्य केला तरी एक गोष्ट उरतेच: शिक्षेचे माप सांगताना या लेखात वर्णाचे नावही नाही. समता ही परकीय कल्पना आहे, या मातीत तिला मूळ नाही, असे म्हणणाऱ्यांना हा दगड दाखवता येतो.

म्हणून विद्यार्थ्यांना अशी स्थळे दाखवणाऱ्या शिक्षकांनी उंची आणि झिलई सांगून थांबू नये. चौथा लेख मराठीतून वाचून दाखवावा, त्याच्याजोडीला घटनेचे १४ वे कलम वाचावे. कार्यकर्त्यांनी अभ्यासवर्गात तो चर्चेला घ्यावा. याच स्तंभावरील सातव्या लेखात अशोकाने सांगितले आहे, की जेथे शिलास्तंभ वा शिलाफलक असतील तेथे ही धम्मलिपी कोरावी, म्हणजे ती चिरकाल टिकेल. कोरणाऱ्यांनी आपले काम केले. वाचण्याचे काम आपल्याकडे आहे.