शेवळाची गोडी कुठून येते?

जूनच्या पहिल्या सरी पडल्या की कर्जत-खोपोलीच्या बाजारात ठाकर, कातकरी बाया शेवळ या रानभाजीच्या जुड्या घेऊन बसतात. सोबत काकडाची आंबट फळं हवीतच. नाहीतर शेवळातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया घशाला खाज आणतात. ज्या घरात ही भाजी दरवर्षी शिजते, तिथलं पोर ती बिनतक्रार खातं. सुट्टीला आलेला मुंबईचा भाचा मात्र ताट सरकवतो.

तो लाडावलेला असेलही, पण दोन ते सहा वर्षांची मुलं एरवीही अनोळखी पदार्थाला बिचकतातच. तोच पदार्थ, जबरदस्ती न करता, आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर आला की नावड बरीच ओसरते. चवीची ओळख तर जन्माआधीच सुरू होते. गरोदरपणी किंवा अंगावर पाजताना आईने गाजराचा रस घेतला, तर बाळ पुढे ती चव सहज स्वीकारतं, हे अमेरिकेत ज्युली मेनेला यांनी 2001 साली दाखवलं.

पण त्यासाठी पदार्थ घरात यायला हवा. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, ती थेट पावसाळ्यापर्यंत. रान मागे राहतं, गावची अंगणवाडीही. तीन विटांच्या चुलीवर भात शिजतो, पोराच्या हाती पाच रुपयांचं पाकीट येतं. अशा आईला ‘सकस खाऊ घाला’ म्हणणं मला तरी उद्धटपणा वाटतो.

ज्यांना निवड आहे, त्यांनी यंदा शेवळं जरूर आणावीत. काकडं विसरू नका.