घोळणा फुटला तर

सकाळच्या परिपाठाला रांगेत उभ्या असलेल्या एखाद्या मुलाच्या पांढऱ्या सदऱ्यावर अचानक रक्ताचे थेंब पडतात. मुले ओरडतात, ‘बाई, याचा घोळणा फुटला!’ मग कोणी त्याला आडवे निजवते, कोणी टाळूवर थंड पाणी ओतते, कोणी कांदा फोडून हुंगायला देते. ‘अंगात उष्णता फार झाली’ असे निदानही होऊन जाते. पण बोट कापले, तर आपण डोक्यावर पाणी ओततो का? आपण कापलेली जागा दाबून धरतो. मुलांच्या नाकातले रक्तही बहुधा अशाच एका लहानशा जखमेतून येत असते.

ही जखम कोठे असते? दोन नाकपुड्यांमधील पडद्याच्या पुढच्या भागात अनेक रोहिण्यांच्या बारीक शाखा एकत्र येऊन त्यांचे जाळे तयार होते. अमेरिकन शल्यविशारद लिटल यांनी १८७९ मध्ये या जागेकडे लक्ष वेधले, म्हणून तिला ‘लिटलचा भाग’ म्हणतात. येथील अस्तर अतिशय पातळ असते आणि मुलाचे बोट नेमके येथेच पोचते. नखाचा ओरखडा, पडशाची सूज किंवा जोराने नाक शिंकरणे एवढेही रक्त यायला पुरते. मालवणच्या किनाऱ्यावर दिवसा खारे वारे दमट हवा आणतात. पण हिवाळ्यात रात्री जमिनीकडून वाहणारे मतलई वारे त्या मानाने कोरडे असतात. तेव्हा अस्तर वाळते व खपली धरते. खपली खाजते, मूल ती काढते आणि पुन्हा रक्त येते.

आता उपाय. आपल्या नाकाच्या वरच्या टोकापासून बोट खाली सरकवून पाहा. कठीण हाड संपून मऊ भाग सुरू होतो. दाबायचा तो हा मऊ भाग. हाड दाबून उपयोग नाही. मुलाला बसवून डोके थोडे पुढे झुकवावे, तोंडाने श्वास घ्यायला सांगावे आणि दोन्ही नाकपुड्या चिमटीत धरून घड्याळ लावून १० मिनिटे दाबाव्यात. मध्येच सोडून पाहू नये. दाबामुळे रक्ताचा वेग थांबतो, बिंबिका जखमेवर चिकटतात व त्यांच्याभोवती फायब्रिनच्या तंतूंची जाळी विणली जाते. ती पक्की होण्याआधी हात काढला, तर गुठळी निसटते. डोके मागे केल्याने रक्त थांबत नाही, फक्त दिसेनासे होते. ते घशातून पोटात जाते आणि मुलाला उलटी होते.

रक्त थांबले तरी जखम भरलेली नसते. पुढचे दोन आठवडे नखे कापलेली ठेवावीत आणि नाकपुडीच्या आत पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवावा. तेलाचे थेंब ओतू नयेत. ते श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊ शकतात. समुद्राचे पाणीही नको. औषधाच्या दुकानातील सलाइनच्या थेंबांत मीठ कमी असते, तर समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम. एवढ्या खारटपणाने जखम चुरचुरते. घोळणा वारंवार फुटत असेल, तर नाक-कान-घसा तज्ज्ञ सिल्व्हर नायट्रेटने ती जागा डागतात.

दुसऱ्यांदा १० मिनिटे दाबूनही रक्त थांबले नाही, डोक्याला मार लागला असेल, हिरड्यांतूनही रक्त येत असेल किंवा अंगावर काळेनिळे डाग असतील, तर डॉक्टरांकडे न्यावे. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल, तर आत चिंचोका अडकलेला असू शकतो. खेळण्यातला चपटा सेल अडकला असल्याची शंका असेल, तर क्षणही दवडू नये. तो काही तासांत पडदा जाळतो. तापाबरोबर नाकातून रक्त आले, तर ती उष्णता समजू नये. सिंधुदुर्गात २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात गोचिडांमुळे पसरणाऱ्या माकडतापाची साथ आली होती. त्या तापात व डेंग्यूतही नाकातून रक्त येऊ शकते. अशा मुलाला त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे आणि ॲस्पिरिन मुळीच देऊ नये.