विरजण दातांतले

चमचाभर विरजणाने पातेलेभर दूध आंबते. दात किडतात तेही असेच. ‘स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स’ नावाचे जंतू तोंडात राहतात. १९२४ साली क्लार्क या ब्रिटिश शास्त्रज्ञाने ते किडलेल्या दातांतून वेगळे केले. गूळ, साखर, बिस्किट खाल्ले की ते आम्ल तयार करतात आणि दाताचे कवच झिजते.

पऱ्हाटीसारखे या जंतूंचेही पुष्कळ वाण आहेत. बाळाच्या तोंडात पुष्कळदा आईचाच वाण सापडतो, कारण घास आधी आपण चाखतो, चमचा चाटतो. यात एकट्या आईचा दोष नाही. आजी, आत्याही तेच करतात. बाळाचा चमचा वेगळा ठेवा आणि आईच्या किडलेल्या दातांवर आधी उपचार करून घ्या.

पांढरकवडा, झरी भागात बोअरच्या पाण्यातील फ्लोराइडने दातांवर पडणारे तपकिरी डाग मात्र कीड नव्हे. तिथे पिण्याचे पाणीच बदलावे लागते.